वार अवेळी सुटून बाळ गेल्यानंतर पुढच्या गरोदरपणाची तयारी

बाळाला आईकडून प्राणवायू पोहोचवणारी आणि बाळ जन्मल्यानंतर सुटायची ती वार (प्लासेंटा) बाळ पोटात असतानाच गर्भपिशवीपासून सुटली, तर इस्पितळाच्या कागदावर ‘ॲब्रप्शन’ असे लिहितात. दिवस भरत आले की गर्भपिशवीतून दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. वारेचा मोठा भाग सुटला, की बाळाचा प्राणवायू काही मिनिटांत तुटतो आणि त्याच वेळी आईचे रक्तही झपाट्याने जाऊ लागते. साधारण शंभर गरोदरपणांमागे जेमतेम एखाद्या वेळी असे घडते.

माझ्या बाबतीत ते चौतिसाव्या आठवड्यात, जुलैमधल्या एका पहाटे, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी घडले. आज दुसरीत असलेली माझी मुलगी त्यानंतरची. मधल्या अडीच वर्षांत मी जे विचारत फिरले, जे उशिरा कळले आणि जे आधीच कळायला हवे होते, ते येथे क्रमाने लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे औषधाचा डोस किंवा प्रसूतीची तारीख ठरवण्यासाठी हा लेख वापरू नये. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे, हे ठरवण्यासाठी जरूर वापरावा.

सुरुवात जुन्या फाइलपासून

पुन्हा प्रयत्न करण्याचा विचार मनात येण्याच्याही आधी करायचे पहिले काम म्हणजे मागच्या बाळंतपणाचे सगळे कागद मिळवणे. मला दिलेल्या डिस्चार्ज कार्डावर एवढेच होते: ‘३४ आठवडे, सीझर, मृत बाळ.’ वार किती सुटली होती, मागे रक्ताची गाठ किती मोठी होती, दाखल होताना बीपी किती होते, गर्भपिशवीवरचा छेद आडवा घेतला की उभा, यांपैकी एकही गोष्ट त्यावर नव्हती. दुसऱ्या खेपेच्या वेळी नव्या डॉक्टरांनी नेमके हेच चार प्रश्न विचारले आणि मी गप्प बसून राहिले. त्यानंतर जुन्या इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात तीन हेलपाटे घातले, तेव्हा कुठे पूर्ण केस पेपरची झेरॉक्स हाती आली.

हे कागद मागणे म्हणजे कोणावर उपकार मागणे नव्हे. डॉक्टरांसाठी २००२ साली केलेल्या आचारनियमांत, रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच नियमांत दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपण्याचे बंधन आहे. म्हणून दुःख ओसरेपर्यंत थांबू या, असे म्हणत हे काम पुढे ढकलू नये. बाईला स्वतः जाणे जमत नसेल, तर नवऱ्याच्या किंवा भावाच्या हाती सहीचा अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्यावी.

मागायचे ते डिस्चार्ज कार्डापुरते मागू नये. ऑपरेशनची किंवा प्रसूतीची सविस्तर नोंद, दाखल झाल्यापासूनचे बीपी व नाडीचे तक्ते, हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या, रक्ताच्या किती पिशव्या चढवल्या त्याची नोंद, आधीच्या सर्व सोनोग्राफी आणि वार तपासणीला पाठवली असल्यास तिचा हिस्टोपॅथॉलॉजी अहवाल, हे सगळे हवे. बाळाचे वजनही हवे, आणि ते का, हे मला फार उशिरा समजले. चौतिसाव्या आठवड्यात बाळ दोन किलोच्या आसपास असणे अपेक्षित असते. ते त्याहून पुष्कळ कमी भरले असेल, तर वार कित्येक आठवडे नीट काम करीत नव्हती आणि शेवटी सुटली, असा अर्थ निघू शकतो. वजन योग्य असेल आणि आदल्या दिवशी पडणे, अपघात किंवा पोटावर मार अशी काही घटना घडली असेल, तर गोष्ट निराळी होते. पहिल्या प्रकारात पुढच्या खेपेला बाळाच्या वाढीवर आणि बीपीवर बारकाईने नजर ठेवावी लागते. दुसऱ्या प्रकारात तेच कारण पुन्हा उभे राहण्याची शक्यता मुळातच कमी असते.

नोकरी करणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकते, कारण ती अनेक कचेऱ्यांत चुकीची सांगितली जाते. मातृत्व लाभाच्या कायद्यात ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेले मूलही येते. सव्विसावा आठवडा उलटल्यानंतर बाळ गेले असेल, तर तो गर्भपात धरून फक्त सहा आठवड्यांची रजा देणे कायद्याला धरून नाही.

पुन्हा तसेच होईल का?

प्रत्येक बाईचा हा पहिला प्रश्न असतो आणि त्याला आकड्यांतच उत्तर द्यावे लागते. एकदा वार अवेळी सुटलेल्या बायकांपैकी सुमारे ४ ते ५ टक्के बायकांना पुढच्या गरोदरपणात पुन्हा तसा प्रसंग येतो, म्हणजे शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणींना येत नाही. दोन वेळा घडले असेल, तर मात्र धोका १९ ते २५ टक्क्यांपर्यंत चढतो आणि सारे नियोजनच बदलते. कधीच न घडलेल्या बाईपेक्षा तुमचा धोका अनेक पटींनी जास्त आहे आणि तरीही पुढचे बाळंतपण सुखरूप होण्याची शक्यता फार मोठी आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. नातेवाईक सोयीप्रमाणे त्यांतले एकच सांगतात.

कारणांच्या यादीत वरच्या जागी येतात ती वाढलेला रक्तदाब व प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून बहुधा लघवीतून प्रथिने जाण्याचा विकार), बाळाची वाढ खुंटणे, तंबाखू व धूम्रपान, पोटाला बसलेला मार, दिवस भरण्याआधी पाणी जाणे आणि त्यानंतरचा जंतुसंसर्ग, जुळे किंवा गर्भजल फार वाढणे, तसेच आईचे जास्त वय. तरीही बहुतेक प्रसंग असा कोणताही धोका आधी न दिसलेल्या बायकांतच घडतात. पपई खाल्ली, ग्रहणात सुरी हातात घेतली, जिने चढले, नवऱ्याजवळ झोपले, यांपैकी कशानेही वार सुटत नाही. आमच्याकडे प्रसाद पाकळी, म्हणजे देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेणे, असते. ती लावून ‘कोणाचे लागले’ ते विचारले गेले. देवाला गाऱ्हाणे घालण्यात मला काही वावगे वाटत नाही, पण त्या कौलातून बाईच्या माथी दोष आला, तर घरातल्या एकाने तरी तिथेच थांबवायला हवे.

कोणत्या तपासण्या खरोखर हव्यात

बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी, म्हणजे गरोदरपणाचा शरीरावरचा परिणाम ओसरल्यावर, स्त्रीरोगतज्ज्ञांची स्वतंत्र वेळ घ्यावी. त्या भेटीत बीपी, लघवीतील प्रथिने, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखरेसाठी एचबीएवनसी आणि रक्तगट यांच्या तपासण्या होतात. बीपी अजूनही १४०/९० च्या वर असेल, तर तो मुळातला रक्तदाब आहे असे धरून कारण शोधले जाते. एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन या जातीच्या बीपीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. त्यांच्या जागी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा यांसारखे औषध सुरू करून घ्यावे लागते. ही गोळी स्वतःहून बंद करणे मात्र अधिक धोक्याचे.

रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह, तर मागच्या वेळी ७२ तासांत अँटी-डीचे (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ न देणारे) इंजेक्शन मिळाले होते का, हे केस पेपरमध्ये शोधावे. वार सुटताना बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळण्याचा संभव असतो, म्हणून या आजारात त्या इंजेक्शनला विशेष महत्त्व आहे. बाळ गेल्याच्या गडबडीत ते राहून जाऊ शकते. नोंद सापडली नाही, तर इनडायरेक्ट कूम्ब्स ही साधी तपासणी करून प्रतिपिंडे तयार झाली आहेत का, ते कळते.

रक्ताच्या गाठी करून वारेला अपाय करू शकणाऱ्या फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांसाठी ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन अशा तीन तपासण्या असतात. मृत जन्म, लवकर सुरू झालेला प्रीएक्लॅम्प्सिया किंवा खुंटलेली वाढ असा इतिहास असेल, तर त्या विचारून कराव्यात. अहवाल पॉझिटिव्ह आला तरी १२ आठवड्यांनी तो पुन्हा पॉझिटिव्ह आल्याशिवाय निदान पक्के होत नाही, आणि पक्के झाले तर पुढच्या गरोदरपणात ॲस्पिरिनबरोबर रक्ताच्या गाठी होऊ न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने दिली जातात. याउलट, काही प्रयोगशाळा हजारो रुपयांचे ‘थ्रॉम्बोफिलिया पॅनेल’ (रक्त गोठण्याच्या दोषांच्या तपासण्या) करून एमटीएचएफआर नावाच्या जनुकाचा अहवाल हाती ठेवतात. तो बदल लोकसंख्येत इतका सर्रास आढळतो, की त्यावरून उपचार ठरत नाही. मी ते पैसे भरले, आणि त्यातून चिंतेपलीकडे काही पदरात पडले नाही.

मागच्या वेळी रक्त फार गेले असेल, नंतर छातीत दूध उतरलेच नसेल, महिनोन्‌महिने पाळी आली नसेल आणि थकवा हटत नसेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अतिरक्तस्रावाने मेंदूतील पीयूषिका ग्रंथीला इजा झाल्यास असे होते, आणि ते औषधाने सावरता येते.

किती थांबावे

येथे घरातले दोन तट पडतात. एक म्हणतो, लगेच दुसरे होऊ दे म्हणजे मन रमेल. दुसरा म्हणतो, तीन वर्षे नावच काढू नका. जिवंत बाळाच्या जन्मानंतर दोन वर्षे थांबावे हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला अंगावर पाजणाऱ्या आईच्या संदर्भातला आहे, आणि तो जसाच्या तसा येथे लागू पडत नाही. मृत जन्मानंतरच्या १४,४५२ बाळंतपणांचा ऑस्ट्रेलिया, फिनलंड आणि नॉर्वे येथील अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्या बायकांत मृत जन्म, अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा कमी वाढीचे बाळ यांचा धोका त्यात वाढलेला आढळला नाही. म्हणजे सरळ बाळंतपण झाले असेल, हिमोग्लोबिन भरून आले असेल आणि दोघांची तयारी असेल, तर कॅलेंडरच्या धाकाने थांबण्याचे कारण नाही.

सीझर झाले असेल तर मात्र हिशेब वेगळा. गर्भपिशवीवरची शिवण पक्की होण्यासाठी मागच्या प्रसूतीपासून पुढच्या प्रसूतीपर्यंत किमान अठरा महिने ते दोन वर्षांचे अंतर असावे, असे बहुतेक डॉक्टर सांगतात. दोन प्रसूतींमधले अंतर दीड वर्षाहून कमी असताना कळा आल्या, तर शिवण उकलण्याचा धोका वाढतो. छेद उभा असेल, तर पुढच्या वेळी कळा येण्याआधीच सीझर करावे लागते. डिस्चार्ज कार्डावर ‘सीझर’ एवढेच लिहिलेले असून भागत नाही, ते यासाठी.

अंगावर पाजणे नसल्यामुळे बीज चार ते सहा आठवड्यांतच सुटू शकते, पाळी येण्याआधीही. म्हणून थांबायचे ठरले असेल, तर गर्भनिरोधनाची सोय पहिल्या महिन्यापासूनच करावी. प्रयत्न सुरू केल्यावर वर्षभरात दिवस राहिले नाहीत, किंवा वय पस्तिशीपुढे असून सहा महिन्यांत राहिले नाहीत, तर तपासणीसाठी जावे.

दिवस राहण्याआधीचे तीन महिने

फॉलिक ॲसिड दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करून पहिले तीन महिने चालू ठेवायचे असते. रोजची नेहमीची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम आहे. औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारी गोळी ५ मिलिग्रॅमची असते आणि ती मधुमेह किंवा तशा खास कारणासाठी डॉक्टर देतात. मधुमेह असल्यास एचबीएवनसी शक्यतो साडेसहाच्या खाली आणून मगच प्रयत्न करावा. रुबेलाची लस घ्यायची राहिली असेल तर ती आता घ्यावी आणि त्यानंतर एक महिना दिवस राहू देऊ नयेत.

तंबाखूविषयी आडवळणाने बोलण्यात अर्थ नाही. वार सुटण्याच्या कारणांपैकी बाईच्या हातात असलेले सर्वांत मोठे कारण हेच आहे. आमच्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत, असे म्हणून विषय मिटवला जातो, पण सकाळी मशेरी लावणे किंवा तपकीर हीदेखील तंबाखूच आहे, आणि घरात, गाडीत नवऱ्याने ओढलेली सिगारेट तिच्याही पोटात जाते. सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. दारू दोघांनीही बंद करावी. काजूच्या हंगामातले हुर्राक ‘हलके असते’ हा युक्तिवाद येथे चालत नाही.

पोटावर बसणारा मार नेहमी अपघाताचाच असतो, असे नाही. घरात हात उचलला जात असेल, तर गरोदरपणात तो थांबेल अशी आशा धरू नये, कारण तो पुष्कळदा वाढतो. १८१ हा महिला मदतीचा क्रमांक आहे, आणि तपासणीच्या वेळी नवऱ्याला बाहेर थांबवून डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे असे सांगण्याचा प्रत्येक बाईला अधिकार आहे.

मनाची तयारी मी मुद्दाम वेगळ्या मथळ्याखाली घातली नाही, कारण ती वेगळ्या दिवशी होत नाही. मला दुसऱ्याचे बाळ हाती घेता येईनासे झाले होते, आणि चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधायच्या वेळी मी खोलीतून बाहेर आले नव्हते. झोप उडणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा येणे, जगण्यातला रस संपणे हे काही आठवडे टिकून राहिले, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात जावे किंवा १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर बोलावे. नवऱ्यालाही बोलायला कोणीतरी लागते. आमच्या घरी दोन वर्षे त्याला कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

दिवस राहिल्यावर

पाळी चुकून तपासणी पॉझिटिव्ह आली, की त्याच आठवड्यात नोंदणी करावी आणि पहिल्याच वाक्यात मागचा इतिहास सांगावा. सहा ते आठ आठवड्यांच्या सोनोग्राफीने तारीख पक्की होते. पुढे बाळाची वाढ मोजताना सगळे काही या तारखेवर अवलंबून असते. माता-बाल संरक्षण कार्डावर ‘मागील वेळी ॲब्रप्शन, मृत जन्म’ असे ठळक लिहून घ्यावे. गावातल्या आरोग्य केंद्रात जाणाऱ्या बायकांनी दर महिन्याच्या ९ तारखेचा मोफत तपासणीचा दिवस चुकवू नये. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात जोखमीच्या गरोदरपणाची वेगळी नोंद ठेवली जाते.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी) होऊ शकतो आणि त्याबरोबरच्या रक्तचाचणीत पॅप-ए हे वारेतून येणारे प्रथिन कमी आले, तर वार कमकुवत असण्याची सूचना मिळते. मागच्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया किंवा खुंटलेली वाढ असेल, तर बाराव्या ते सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान रोज रात्री ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू करतात. केवळ ॲब्रप्शन झाले होते आणि दुसरे काहीच नव्हते, अशा बाईला ॲस्पिरिन किंवा हेपॅरिनने निश्चित फायदा होतो, याचा पुरावा तोकडा आहे. म्हणून शेजारणीला दिले म्हणून मलाही द्या, असा हट्ट धरू नये आणि डॉक्टरांनी दिले तर ‘कशासाठी’ हे विचारावे. खाटेवर पडून राहण्यानेही वार सुटायची थांबत नाही. उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो.

पहिल्या तिमाहीत सोनोग्राफीत ‘गर्भाशेजारी रक्ताची गाठ’ असे लिहून आले, तर हात-पाय गळू देऊ नयेत. ती गोष्ट वेगळी असते, पुष्कळदा आपोआप विरते, आणि तिच्यावर लक्ष ठेवले जाते.

अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार कोठे आहे, पुढे की मागे, हे विचारून वहीत लिहावे. त्याचा उपयोग पुढे सांगते. त्यानंतर साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी वाढीची सोनोग्राफी होते. येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा: सोनोग्राफी चांगली आली म्हणजे वार सुटलेली नाही, असे सिद्ध होत नाही. सुटलेल्या वारेपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रकरणे सोनोग्राफीत दिसतच नाहीत, कारण ताजे रक्त वारेसारखेच दिसते. लक्षणे असतील, तर कालचा चांगला अहवाल हातात असूनही जायचे असते.

घरी बीपीचे दंडावर बांधायचे यंत्र घ्यावे, मनगटाचे नको. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावे आणि वहीत तारीख-वेळेसह लिहावे. १४०/९० किंवा अधिक आले तर त्याच दिवशी दाखवावे. १६०/११० दिसले, अथवा डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बरगडीखाली दुखते असे काही असेल, तर तडक निघावे.

दुचाकीविषयी दोन शब्द. पावसाळ्यातले आमचे रस्ते पाहता शेवटच्या चार महिन्यांत स्कूटर किंवा पायलटची (भाड्याच्या मोटारसायकलची) मागची सीट टाळलेलीच बरी. मोटारीत पट्टा लावायचाच, त्याचा खालचा भाग पोटावरून नव्हे तर पोटाखालून मांड्यांच्या सांध्यावर घ्यायचा. घसरून पडलात, कोणाचा कोपर पोटावर बसला, गाडीला धक्का लागला, तर काही दुखत नसले तरी इस्पितळात जाऊन बाळाचे ठोके किमान चार तास यंत्रावर पाहू द्यावेत.

लक्षण दिसल्यावर किती मिनिटे लागतात

त्या पहाटे साडेचारला माझी पाठ दुखू लागली. बाहेर पाऊस कोसळत होता. सासूबाईंनी प्रेमाने ओव्याचे पाणी करून दिले आणि म्हणाल्या, ‘वात धरला असेल, बाय, कुशीवर पड.’ मी पडले. कळ म्हटली की ती येते, शिगेला जाते आणि मध्ये पोट सैल होते. माझे पोट सैल होतच नव्हते. हात ठेवला तर बसायच्या पाटासारखे लागत होते, बोट रुतत नव्हते. रक्ताचा थेंबही दिसला नव्हता, म्हणून घरात कोणाला घाई वाटली नाही. पावणेसातला उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा गाडी काढली. बाळ शेवटचे केव्हा हलले, हे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मला सांगता आले नाही.

त्या सव्वादोन तासांत काय ओळखायचे होते, ते आता सांगते. सतत दुखणारे व सैल न होणारे कडक पोट. न थांबणारी पाठदुखी, विशेषतः वार मागच्या बाजूला असेल तर. अंगावरून जाणारे रक्त, लाल असो की काळपट. बाळाची हालचाल कमी होणे. घाम फुटून चक्कर येणे. यांपैकी कोणतेही एक पुरे. रक्त वारेच्या मागेच साठून बाहेर न येण्याचा प्रकारही पुष्कळ वेळा होतो, त्यामुळे रक्ताची वाट पाहू नये. हालचालींसाठी अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रोज ठरावीक वेळी डाव्या कुशीवर पडून लक्ष द्यावे. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा नेहमीची चाल बदलली असे वाटले, तर गोड खाऊन पाहू या, सकाळपर्यंत थांबू या, असे करू नये.

जायचे कोठे, हे सातव्या महिन्याआधी ठरलेले हवे. जवळच्या दवाखान्यात चोवीस तास भूलतज्ज्ञ, तयार रक्तसाठा आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नसेल, तर तो थांबा वेळ खाणारा ठरतो. म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळे आणि बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) यांपैकी कोणते, हे आपल्या डॉक्टरांकडून लेखी ठरवून घ्यावे. खासगी नर्सिंग होममध्ये नाव घातले असेल, तर ‘मध्यरात्री रक्त लागले तर कोठून आणता आणि किती वेळ लागतो?’ हा प्रश्न न लाजता विचारावा.

त्यानंतर तो रस्ता प्रत्यक्ष एकदा रात्री पार करून पाहावा. काणकोणहून मडगावला येताना करमल घाट आहे. सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या आतल्या गावांत पावसात झाड पडून रस्ता बंद होतो. डिसेंबरच्या शेवटी बार्देशच्या किनारपट्टीत गाडी तासभर हलत नाही. १०८ ला आधी फोन करून रुग्णवाहिका किती वेळात पोहोचेल ते विचारावे, आणि तिला उशीर लागणार असेल तरच ठरलेल्या शेजाऱ्याची गाडी काढावी. रुग्णवाहिकेतून इस्पितळाला आधी कळवता येते. बॅगेत कपड्यांच्या वर फाइल ठेवावी. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत रक्तगट, मागचा इतिहास, सीझरचा छेद, चालू गोळ्या आणि ॲलर्जी लिहावी, म्हणजे नवऱ्याची वाचा बसली तरी पान बोलेल.

माहेरी जाण्याची रीत मी मोडली नाही, पण उलटी केली. माझे माहेर फोंड्याकडे असल्यामुळे बत्तिसाव्या आठवड्यापासूनच तिकडे राहिले, कारण तेथून बांबोळी जवळ. कोणाचे माहेर आडगावात असेल, तर तिने सासरी किंवा शहरातल्या मावशीकडे राहावे. पाहुणचारापेक्षा अंतर पाहावे. फुलां माळपाचा, म्हणजे गरोदर बाईला फुले माळण्याचा, सोहळा करायचा की नाही, हेही तिलाच विचारावे. मी नको म्हटले, आईने ओटीत फक्त नारळ घातला.

प्रसूतीची तारीख

मागचे कारण, आताचे बीपी, बाळाची वाढ आणि शिवण पाहून डॉक्टर बहुधा ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतर, दिवस पूर्ण भरण्याची वाट न पाहता, तारीख देतात. सगळे सुरळीत असेल तर केवळ मागच्या इतिहासावरून सीझरच करावे लागते असे नाही. कळा आणून सरळ प्रसूती करता येते, फक्त बाळाचे ठोके सतत यंत्रावर असावे लागतात. चौतीस आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागेल असे दिसले, तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. मागच्या वेळी ज्या आठवड्यात बाळ गेले, त्या आठवड्यात भीती अनावर होते. त्या दिवसांसाठी जादा एक तपासणी मागून घ्यावी. मी मागितली आणि डॉक्टरांनी चौतिसाव्या आठवड्यात दोनदा ठोक्यांचा आलेख काढून दिला.

प्रसूतीनंतर रक्तस्राव जास्त होण्याची शक्यता असते, म्हणून दाखल होतानाच रक्त जुळवून ठेवायला सांगावे. निगेटिव्ह रक्तगट असल्यास बाळाचा गट पाहून ७२ तासांत पुन्हा अँटी-डी घ्यावे. बीपी होते त्यांनी घरी गेल्यावरही सहा आठवडे मोजत राहावे, कारण प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा उसळू शकते. मला ३७ आठवडे आणि तीन दिवसांवर मुलगी झाली, २ किलो ६०० ग्रॅम. घरी निघायच्या आदल्या दिवशी नर्सबाईंकडे मी ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘कार्डावर लिहिले आहे ना सगळे?’ मी बसून राहिले. संध्याकाळी प्रत मिळाली, ती जुन्या केस पेपरवर ठेवून फाइल बंद केली.